तीन नंबरची उत्तरवादी: काढून घेतलेल्या अपिलातलं एक प्रकरण

पुरसिस, म्हणजे पक्षकाराने कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, जेमतेम अर्ध्या पानाची होती. 'अपिलार्थीस सदरचे अपील पुढे चालवावयाचे नाही. सबब अपील काढून घेणेस परवानगी मिळावी.' खाली अपिलार्थीची सही, त्याच्या वकिलाची सही आणि कोपऱ्यात लाल शाईने टाकलेला निशाणी क्रमांक ३४. त्याच्या बाजूला न्यायाधीशांचा त्रोटक शेरा होता: 'उत्तरवादींनी से द्यावा', म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अपील आहे त्यांनी आपलं म्हणणं सांगावं, आणि चार दिवसांनंतरची तारीख.

ही पुरसिस आमच्या पक्षकार ताईंनी वाचली नव्हती, त्यांना ती कुणी दाखवलीही नव्हती. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) घालून सहज म्हणून केस पाहिली. गेली दोन वर्षं 'युक्तिवाद' असं दिसणारा टप्पा एकाएकी बदललेला दिसला, म्हणून त्याने आईला फोन केला. आईने भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, "आमचं मिटलं." कोणाचं आणि कसं मिटलं, ते त्याने सांगितलं नाही.

गाव सांगत नाही, गट नंबरही सांगत नाही. सांगली जिल्ह्यातलं शेतकरी कुटुंब आहे एवढं पुरे. थोरल्या भावाला दादा म्हणू, धाकट्याला आप्पा. ताई या दोघांच्या मागची. वडील १९९८ साली गेले, आई त्यांच्या आधीच गेली होती. मागे चार जमिनी राहिल्या. त्यातल्या तीन वडिलोपार्जित, त्याबद्दल वाद नव्हता. चौथी ८० आर, म्हणजे दोन एकर, विहिरीची बागायत. ती १९८६ साली आप्पाच्या नावावर घेतलेली. त्या वेळी आप्पा एकोणीस वर्षांचा होता आणि कॉलेजात शिकत होता. सगळं भांडण या दोन एकरांचं.

दादाने २०११ साली वाटपाचा दावा लावला. आप्पा प्रतिवादी क्रमांक १. दावा चालू असतानाच २०१४ मध्ये आप्पाने चौथी जमीन स्वतःच्या मुलाला बक्षीसपत्राने दिली, त्यामुळे मुलगा क्रमांक २. ताई क्रमांक ३. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, ताईंनी दोन गोष्टी स्वच्छ लिहून दिल्या होत्या: चौथी जमीन एकत्र कुटुंबाच्या पैशातली आहे, आणि मला माझा हिस्सा वेगळा काढून द्या. ही कैफियत नंतर आमची सगळ्यात मोठी मिळकत ठरली. ती कोणी लिहिली हे मला ठाऊक नाही, पण ज्याने लिहिली त्याला मनोमन नमस्कार केला. कारण बहिणींच्या कैफियती बहुधा दोनच तऱ्हांच्या असतात: एक तर दाखलच होत नाहीत, नाहीतर 'वादीचे म्हणणे मान्य आहे' एवढ्या एका ओळीत संपतात.

मार्च २०१७ मध्ये दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांनी प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा निकाल, दिला. तीन जमिनींचं वाटप मंजूर, चौथी जमीन आप्पाची स्वकष्टार्जित. हिश्शांचा हिशेब असा: दादा चार नवमांश, आप्पा चार नवमांश, ताई एक नवमांश. तिघं सख्खी भावंडं असताना हे आकडे कुठून आले, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्या वेळचा कायदा तसा वाचला जात होता. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार, झाली, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फुलवतीच्या खटल्यात सांगितलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असला पाहिजे. इथे बाप १९९८ लाच गेलेला. महाराष्ट्राची स्वतःची १९९४ ची दुरुस्ती होती, पण ती तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती, आणि ताईंचं लग्न १९८९ चं. मग राहिला जुना मार्ग: बाप आणि दोन मुलगे अशी काल्पनिक वाटणी, बापाचा एक तृतीयांश हिस्सा तिघा मुलांत. सगळ्याचे नऊ भाग, त्यातला एक ताईंचा.

दादाने जिल्हा न्यायालयात अपील केलं, फक्त चौथ्या जमिनीपुरतं. हिश्शांबद्दल त्याची तक्रार असण्याचं कारणच नव्हतं. ताई उत्तरवादी क्रमांक ३. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेलिफाने नोटीस बजावली आणि दादानेच ताईंना वकील लावून दिला. वकीलपत्रावर सही करताना ताईंना एवढंच सांगितलं गेलं की 'आपण एकाच बाजूला आहोत'. तेव्हा ते खरंही होतं. म्हणूनच ताईंनी स्वतःचं अपील केलं नाही आणि क्रॉस ऑब्जेक्शनही, म्हणजे दुसऱ्याच्या अपिलात उत्तरवादीने हुकूमनाम्यावर घेतलेली स्वतःची हरकत, घातलं नाही. आपल्या बाजूचा माणूस लढतोय, तर वेगळा खर्च कशाला?

मग ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्माचा निकाल आला. बाप हयात असण्याची अट गेली. मुलगी जन्माने सहदायिक, बाप कधीही वारलेला असो. म्हणजे ताईंचा हिस्सा एक नवमांश नव्हे, एक तृतीयांश. चौथी जमीन वाटपात आली, तर जुन्या हिशेबाने ताईंना नऊ आरही पुरते मिळत नव्हते. नव्या हिशेबाने साडेसव्वीसच्या वर. दादाचा हिस्सा या वाढीच्या निम्म्याने खाली येणार होता. माझा अंदाज असा की भावाभावांत समेटाचं वारं वाहायला लागलं ते इथून. पुरावा काही नाही, पण तारखा बोलतात.

समेट असा झाला, तो नंतर कळला: आप्पाने दादाला चौथ्या जमिनीतले वीस गुंठे द्यायचे, वर काही रोख रक्कम, आणि दादाने अपील काढून घ्यायचं. आता कुणी विचारेल, मग तडजोडीचा हुकूमनामाच का केला नाही? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ खाली तडजोडपत्र दाखल करून तसा हुकूम घेता येतो. कारण उघड आहे. वाटपाच्या प्रकरणात तशी तडजोड दिली की न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात: तीन नंबरची सही कुठे आहे? अपील काढून घ्यायला मात्र सही एकाचीच पुरते.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा हातात तीन दिवस होते. त्यातला दीड दिवस ना-हरकतीत गेला. आधीच्या वकिलाने वकीलपत्रावर 'नो ऑब्जेक्शन' दिल्याशिवाय, किंवा कोर्टाची परवानगी असल्याशिवाय, दुसऱ्या वकिलाला उभं राहता येत नाही, आणि ते वकील दादाचे स्नेही. पहिल्या दिवशी ऑफिसला कुलूप होतं, दुसऱ्या दिवशी 'साहेब तालुक्याला गेलेत'. शेवटी बार रूममध्ये चहाच्या टेबलावर त्यांनी काही न बोलता सही करून दिली. राग त्यांच्यावर नव्हता. वर्षानुवर्षं गावाकडच्या वाटपाच्या दाव्यांत बहिणीचा वकील हा भावाच्या वकिलाच्या टेबलाचा दुसरा कोपरा असतो. सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

ताईंना मी विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? त्या म्हणाल्या, "साहेब, मला भांडायचं नाही. पण दादानं मला विचारायला तर हवं होतं." वकिलाच्या कामाचं हे वाक्य नाही, तरी कागद करताना ते डोक्यात राहिलं.

त्यांच्या दोन तक्रारी होत्या आणि दोन्ही एकाच कापडाच्या नव्हत्या. चौथी जमीन वाटपात यावी, ही तक्रार आप्पा आणि त्याच्या मुलाविरुद्ध. तिच्यात ताई आणि दादा यांचं हित एक होतं, आणि दादाच्या अपिलात तोच एक मुद्दा होता. हिस्सा एक नवमांशाचा एक तृतीयांश व्हावा, ही तक्रार मात्र दोन्ही भावांविरुद्ध, म्हणजे अपिलार्थीविरुद्धसुद्धा. पहिलीसाठी दादाच्या जागी ताई बसू शकत होत्या. दुसरीसाठी ती जागा निरुपयोगी होती, कारण दादाच्या अपिलात तो मुद्दा कधी नव्हताच. अर्ज लिहिण्याआधी ही फोड केली नसती तर सगळंच गमावलं असतं, असं मला आजही वाटतं. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घातल्या असत्या, तर समोरचे वकील उभे राहून एवढंच म्हणाले असते की बाईंना दादाचं अपील चालवायचं नाही, स्वतःचं पाच वर्षांनी उशिरा आलेलं अपील चालवायचंय.

म्हणून तीन कागद केले. पहिला, आदेश १ नियम १० आणि आदेश २३ नियम १-ए, कलम १०७ सह, उत्तरवादी क्रमांक ३ ला अपिलार्थी करून घेण्याचा अर्ज. वकिली बोलीत याला ट्रान्सपोझिशन म्हणतात, पक्षकाराने खुर्ची बदलणं. दुसरा, हिश्शाबद्दल क्रॉस ऑब्जेक्शन आणि सोबत उशीर माफीचा अर्ज. तिसरा, ताईंचं स्वतःचं नियमित दिवाणी अपील, मुदत कायद्याच्या कलम ५ खालच्या उशीर माफीच्या अर्जासह. तो फाईलमध्येच ठेवला, पहिला फेटाळला गेला तर त्याच दिवशी दाखल करण्यासाठी.

सेच्या तारखेला आप्पाच्या वकिलांनी पुरसिसवर 'ना हरकत' लिहिलं, त्याच्या मुलानेही. आम्ही अर्ज पुढे केला. दादाच्या वकिलांनी तिथेच हरकत घेतली, आणि ती हरकत पोकळ नव्हती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अपील हे अपिलार्थीचं. ते काढून घ्यायचा त्याला बिनशर्त हक्क आहे. १९६३ मध्ये बिजयानंद पटनाईक वि. शत्रुघ्न साहू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय, की अपिलार्थी अपील काढून घेतो म्हणाला तर न्यायालयाने एरवी ते मान्यच करायचं. (हे पटनाईक म्हणजे ओरिसाचे बिजू पटनाईक. निवडणुकीच्या अपिलातला निकाल, पण दिवाणी अपिलांत तो रोज दाखवला जातो.) पुरसिस दिली तेव्हाच अपील संपलं. आता त्यात बसायला खुर्चीच उरलेली नाही. शिवाय नियम १-ए 'दावा' म्हणतो, 'अपील' म्हणत नाही. आणि ज्या बाईने तीस दिवसांत अपील केलं नाही, जिने पाच वर्षं हुकूमनामा निमूट मानला, तिला आता मागच्या दाराने का घ्यायचं?

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला. दाव्यात प्रतिवादीला वादी करणं आणि अपिलात उत्तरवादीला अपिलार्थी करणं यात फरक आहेच. दाव्यात प्रतिवादीविरुद्ध अजून काही ठरलेलं नसतं. अपिलात मात्र खालच्या कोर्टाचा हुकूमनामा उभा असतो आणि तो ज्याला मान्य नाही त्याने तीस दिवसांत सांगायचं असतं. न सांगणाऱ्याला हुकूमनामा मान्य आहे असं समजण्यात गैर काही नाही. हा फरक झाकून युक्तिवाद केला असता तर तो टिकला नसता.

म्हणून सुरुवात तिथूनच केली. एरवी हे बरोबर आहे, पण वाटपाच्या दाव्यात वादी आणि प्रतिवादी ही नावं केवळ पहिला कोण कोर्टात गेला यावरून पडतात. ज्याला हिस्सा आहे तो प्रत्येकजण एकाच वेळी दोन्ही असतो. दादाच्या अपिलात चौथी जमीन वाटपात आली असती, तर ताईंनी एक शब्द न बोलताही त्यांचा भाग निघाला असता. आदेश ४१ च्या नियम ४ आणि ३३ मध्ये न्यायालयाला तशी ताकद आहे. तेव्हा ताई पाच वर्षं गप्प बसल्या त्याचा अर्थ हुकूमनामा मान्य केला असा होत नाही. चालू अपिलावर विसंबून राहिल्या, एवढाच होतो. आणि त्यांचं म्हणणं आज सुचलेलं नाही, कैफियतीत ते लिहिलेलं आहे. कैफियतीचा तो परिच्छेद मी पिवळ्या पेनने रंगवून पुढे दिला.

मग 'खुर्चीच उरलेली नाही' हा मुद्दा. नियम १-ए संहितेत आला तो १९७६ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७७ पासून. त्याची रचनाच बोलकी आहे. वादीने दावा काढून घेतला किंवा सोडून दिला आणि प्रतिवादीने वादी करून घेण्याचा अर्ज केला, तर न्यायालयाने पाहायचं एवढंच की अर्जदाराला इतर प्रतिवादींपैकी कुणाविरुद्ध निकाली काढण्याजोगा भरीव प्रश्न आहे का. म्हणजे काढून घेणं आधी, अर्ज नंतर, हा क्रम नियमानेच गृहीत धरलेला आहे. पुरसिस दिल्याबरोबर सगळं संपतं असं मानलं, तर हा नियम कधीच लागू होणार नाही. संसदेने निरुपयोगी नियम केला असं कोण म्हणेल? आमच्या बाबतीत तर पुरसिसवर हुकूमही झालेला नव्हता.

दुरुस्तीच्या आधीही ही वाट बंद नव्हती. १९३१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने भूपेंद्र नारायण सिन्हांच्या खटल्यात सांगितलं होतं की सगळे वाद एकाच ठिकाणी पुरते निकाली निघावेत म्हणून पक्षकाराची बाजू बदलता येते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम १-ए खाली प्रतिवादींना वादी करण्याचा हुकूम कायम ठेवला, तोही वादीला दावा काढून घ्यायचा असताना. 'दावा' म्हटलंय, 'अपील' नाही, याचं उत्तर कलम १०७ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे: मूळ न्यायालयाला दाव्यात जे अधिकार, शक्य तितके तेच अपिली न्यायालयाला.

मुदतीबद्दल मुदत कायद्याचं कलम २१ आहे. नवा पक्षकार आणला तर त्याच्यापुरता दावा आणल्या दिवशी सुरू झाला असं धरतात, पण प्रतिवादीला वादी केलं किंवा वादीला प्रतिवादी केलं, तर ते लागू नाही. ताई नव्या नव्हत्या. त्या पहिल्या दिवसापासून प्रकरणात होत्या, फक्त पान दोनवर. हे कलमही दाव्याबद्दल बोलतं, असं समोरून लगेच आलं. बरोबर आहे. पण त्यामागचं तत्त्व अपिलाच्या दारात येऊन बदलत नाही, असं मी म्हणालो आणि खाली बसलो.

आणि पटनाईक? त्या निकालाशी आमचं भांडणच नव्हतं, हे समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दादाला अपील चालवायला कोण भाग पाडतंय? त्याने खुशाल बाहेर पडावं. त्याचा हक्क अबाधित आहे, ताईंचाही आहे. तो उठला की खुर्ची रिकामी होते, आणि त्या खुर्चीवर आम्हाला बसू द्या.

हुकूम पंधरा दिवसांनी आला, साडेतीन पानांचा. ट्रान्सपोझिशनचा अर्ज मंजूर. दादाची पुरसिस त्याच्यापुरती मंजूर, त्याचं नाव अपिलार्थीच्या जागेवरून काढून उत्तरवादी क्रमांक ३ म्हणून टाकायचं. कारणं मोजकी दिली होती: वाटपाचं प्रकरण आहे, कैफियतीत तीच भूमिका आहे, उत्तरवादी १ आणि २ विरुद्ध भरीव प्रश्न उरतो, आणि अर्ज नाकारला तर कलम ९७ आड येऊन चौथ्या जमिनीचा प्रश्न ताईंना पुढे कुठेच काढता येणार नाही. अटी दोन. ताईंनी आपल्या हिश्शापुरती कोर्ट फी चौदा दिवसांत भरावी. आणि अपिलाची कारणं आहेत तीच राहतील, नवी भर घालायची नाही.

क्रॉस ऑब्जेक्शन मात्र गेलं. नोटीस बजावल्यापासून एक महिना, न्यायालय वाढवून देईल तो वेळ वेगळा. आम्ही साडेचार वर्षांनी आलो होतो आणि विनीता शर्माच्या निकालानंतरही जवळजवळ दोन वर्षं. 'कायदा बदलला' हे कारण न्यायाधीशांना पुरेसं वाटलं नाही. हिश्शाचा प्रश्न अंतिम हुकूमनाम्याच्या, म्हणजे प्रत्यक्ष वाटणीच्या, कामात उपस्थित करण्यास मोकळीक आहे, असं एक वाक्य त्यांनी जोडलं. अंतिम हुकूमनामा होईपर्यंत बदललेल्या कायद्यानुसार हिस्से दुरुस्त करता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गंडुरी कोटेश्वरम्मांच्या खटल्यात म्हटलंच होतं, आणि विनीता शर्मामध्येही तेच आहे. त्यामुळे आमचं नुकसान फारसं झालं नाही. तरी मला अजून वाटतं की अपील जिवंत ठेवलंच होतं, तर हिस्सेही तिथेच दुरुस्त करायला हवे होते. एकाच कुटुंबाला एका कामासाठी दोन कोर्टांत पाठवण्यात काय मिळालं?

हेच क्रॉस ऑब्जेक्शन २०१७ च्या डिसेंबरात घातलं असतं, तर ही सगळी धावपळ बरीच हलकी झाली असती. आदेश ४१ नियम २२ चं चौथं पोटकलम स्पष्ट आहे: मूळ अपील काढून घेतलं किंवा गैरहजेरीत फेटाळलं, तरी दाखल झालेलं क्रॉस ऑब्जेक्शन चालवता येतं. ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. एक खाच मात्र आहे. क्रॉस ऑब्जेक्शन साधारणपणे अपिलार्थीविरुद्ध असतं, सहउत्तरवादीविरुद्ध ते अपवादानेच घेतात. १९६३ चाच पन्नालाल वि. मुंबई राज्य हा निकाल त्यावर आहे. चौथ्या जमिनीची तक्रार आप्पाविरुद्ध होती, आणि आप्पा सहउत्तरवादी. वाटपात हा अपवाद बसवता आला असता, पण वाद झालाच असता. हिश्शाची तक्रार दादाविरुद्ध होती, तिला काही अडचण आली नसती. म्हणजे एका तक्रारीला ट्रान्सपोझिशन नीट बसत होतं आणि दुसरीला क्रॉस ऑब्जेक्शन. नेमकं ज्याला उशीर झाला होता तेच हातातून गेलं.

आणि समजा ताईंच्या मुलाने ॲप आठवडाभर उशिरा उघडलं असतं, तर? पुरसिसवर हुकूम होऊन 'अपील निकाली' असा रोजनामा पडला असता. मग जिथे काहीच प्रलंबित नाही तिथे ट्रान्सपोझिशनचा अर्ज कुठे द्यायचा? आधी तो हुकूम मागे घ्यायला लावणं आलं, कलम १५१ खाली किंवा पुनर्विलोकनाने, आणि त्यासाठी दाखवायला हवं की आम्हाला न ऐकता हुकूम झाला आणि त्यात आमचा हक्क बुडाला. ज्या वकिलाने ताईंच्या वतीने वकीलपत्र दिलं होतं, तो त्या दिवशी हजर असता आणि त्याने 'से नाही' म्हटलं असतं, तर हा रस्ताही जवळपास बंद. उरतं ते स्वतःचं अपील, पाच वर्षांच्या उशिरासकट. 'भावाच्या अपिलावर विसंबून होते' हे कारण काही न्यायाधीशांना पटतं, काहींना नाही. माझ्या फाईलमधला तो तिसरा कागद मी कधी दाखल केला नाही, पण तो लिहिताना घाम फुटला होता.

हुकूमानंतरच्या सोमवारी दुरुस्ती करायला मी आणि माझा ज्युनियर ऑफिसात गेलो. अपिलाच्या मेमोचं पहिलं पान. क्लार्कने पट्टी ठेवून दादाच्या नावावर लाल शाईने आडवी रेघ मारली, वर ताईंचं नाव लिहिलं, खाली तीन नंबरच्या जागी दादाचं. समासात हुकमाची तारीख आणि सही. दोन मिनिटांचं काम. ताई सोबत आल्या होत्या. त्या त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "दादाचं नाव माझ्या खाली कधी आलं नव्हतं."

आप्पाच्या बाजूने हुकमाविरुद्ध मुंबईला रिट करण्याची भाषा झाली, पण केलं नाही. अपील २०२३ मध्ये ऐकलं गेलं. मूळ वादाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो सगळा पुराव्याचा आहे. मालमत्ता एकत्र आहे म्हणणाऱ्याने आधी दाखवायचं की कुटुंबाकडे ती घेण्याजोगं उत्पन्न होतं. तेवढं दाखवलं की ओझं उलटतं आणि स्वकष्टार्जित म्हणणाऱ्याने आपला पैसा दाखवायचा. श्रीनिवास कृष्णराव कांगोंच्या १९५४ च्या निकालापासून हा नियम पक्का आहे. आमच्याकडे साखर कारखान्याच्या ऊसबिलांच्या पावत्या होत्या, १९८४ ते १९८६, सगळ्या वडिलांच्या नावावर. आप्पाकडे कॉलेजचा बोनाफाईड दाखला होता. खालच्या कोर्टाने ओझं शेवटपर्यंत वादीच्याच डोक्यावर ठेवलं होतं. जिल्हा न्यायालयाने ते उलटवलं आणि चौथी जमीन वाटपात आली. २०१४ चं बक्षीसपत्र दावा चालू असतानाचं, ते ताईंच्या हिश्शाला बाधक नाही असं ठरलं.

आप्पाने दुसरं अपील केलंय, ते उच्च न्यायालयात प्रलंबित आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतंय, त्यामुळे आमच्या भागातल्या पक्षकारांना तारखेसाठी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही, एवढा तरी दिलासा. हिस्सा एक तृतीयांश करण्याचा अर्ज खालच्या कोर्टात आहे आणि तिथे दादा आणि आप्पा दोघेही हरकत घेतायत, पुन्हा एका बाजूला.

वीस गुंठ्यांचं काय झालं? वाटपाचा हुकूमनामा सगळ्यांना फळतो. चौथी जमीन वाटपात आली ती ताईंच्या अपिलाने, पण त्यातला हिस्सा दादालाही मिळणारच, उत्तरवादी म्हणून बसला तरी. म्हणजे जे अपील सोडण्याचे पैसे दादाने घेतले, ते अपील दुसऱ्याने चालवून त्याला जमीनही मिळवून दिली. आप्पाने आता ती रोख रक्कम परत मागितली आहे. वकिलामार्फत नोटीस गेलीय. दादा ती नोटीस घेऊन माझ्याकडेच आला होता, मला त्याचं वकीलपत्र घेता येणार नाही म्हणून सांगून परत पाठवला.